घोटीचा गवतवाला

हिरावाडी, पंचवटी, नाशिक
दि. २७ ऑक्टोबर १९९८

ती. स्व. सौ. झुंबरअक्का हिस,
रंगनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण एक काडी. गवताची. लांबी चार बोटं, रंग पिवळट, स्वभाव चिवट. काल नववीच्या वर्गात मी समास सोडवत असताना पहिल्या बाकावरचा मुलगा उठला, माझ्या कॉलरमधून ती काडी त्याने दोन बोटांनी उपसली आणि एखादा पुरावा सादर करावा तशी टेबलावर ठेवली. सत्तावीस वर्षांत माझ्या विद्वत्तेवर शंका पुष्कळांनी घेतल्या, पण हा मनुष्य गोठ्यातून येतो असं भर वर्गात सिद्ध करण्याची हिंमत कुणाची झाली नव्हती. मी काडी खिशात घातली आणि समास पुढे सोडवला. तत्पुरुष होता, मीही तसाच गंभीर राहिलो.

काडीचं मूळ सांगतो. जूनमध्ये तुझ्या भाचीने मैत्रिणीकडून एक पांढरा ससा आणला, तू पोळ्याला पाहिलास तो. नाव कापूस. आठ दिवस हर्षालीने त्याचे लाड केले, नवव्या दिवशी नानांनी तो ताब्यात घेतला. मळा विकून आम्ही या फ्लॅटमध्ये आलो त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत नानांनी गॅलरीत बसून समोरच्या इमारतीचे मजले मोजण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आता पहाटेच उठतात. आपल्या जुन्या बैलाचं नाव, चांद्या, त्यांनी सशाला दिलंय. हर्षाली कापूस म्हणते, नाना चांद्या म्हणतात, ससा दोघांकडेही लक्ष देत नाही.

अडचण अशी, की नानांना जनावर सांभाळण्याची एकच रीत ठाऊक आहे. त्यांनी त्याला भिजवलेली सरकी पेंड घातली. वर गुळाचा खडा. बाजारातून रोज लसूणघासाची पेंढी. चार महिन्यांत ससा असा गुबगुबीत झाला की कुणी दूध काढायला बसलं असतं तर नवल नव्हतं. मग दसऱ्यानंतर एके दिवशी तो तोंडच उघडेना.

जनावरांच्या डॉक्टरांनी मला नापास विद्यार्थ्यासारखं उभं केलं. सशाचे दात म्हणे जन्मभर वाढतात आणि भरड, वाळलेलं गवत चावूनच ते झिजतात. आमच्या मऊ पाहुणचाराने याच्या दाढा वाढून गालात रुतल्या होत्या. शिवाय हिरवा लसूणघास फार पौष्टिक, पिलांना ठीक, वाढलेल्या सशाच्या लघवीतून चुना जायला लागतो. दाढा कापून दिल्या आणि सांगितलं, पेंड बंद, गूळ बंद, दिवसरात्र पुढ्यात चांगलं डोंगरी गवत. ते नसेल तर महिन्याभराने ससा आणू नका, मातीच द्या.

नाना ऐकायला तयार नाहीत. वाळलं गवत भाकड जनावराला घालतात, आपल्या दावणीला असं कधी झालं नाही, असं म्हणून दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा तुझ्याकडे धाव. दाजींची वखार मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवते, तर या एका दीड किलोच्या गिऱ्हाइकाला काय चालेल ते त्यांना विचार. फोन करणार होतो, पण तुमचा फोन वखारीत, आणि चार हमालांसमोर सशाच्या दाढांबद्दल बोलणं मला जमणार नाही.

बाकी सर्व क्षेम. नानांची तब्येत उत्तम.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचाच असेल तर गवताच्या रूपाने वाढव.

तुझा
रंगनाथ


घोटी
ता. ४ नोव्हेंबर १९९८

चि. रंगनाथ यास, झुंबरअक्काचे अ. उ. आ.

डोळ्यांनी दिसत नाही म्हणून सूनबाई दीपमाला लिहून देते आहे. मी बोलते तसंच लिहायचं असं तिला बजावलंय.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे हसले नाहीत. गवताची चेष्टा ह्यांना चालत नाही. म्हणाले, मास्तरांना सांगा, गवत गवत म्हणजे सगळं एक नव्हे. भाताचा पेंढा आमच्याकडं रग्गड, पण त्यात दम नाही, नुसतं पोट फुगतं. कुसळी गवत तर मुळीच नको, त्याची कुसळं बारक्या जनावराच्या हिरडीत घुसतात आणि आत पू होतो. काळं पडलेलं, कुबट वासाचं असेल तर बैलालासुद्धा घालू नये. मारवेल चांगलं. पवना चालतो, पण फुलोरा झडायच्या आत कापलेला पाहिजे.

तुझा आमच्यावर विश्वास बसणार नाही आणि नानांचा तुझ्यावर, म्हणून चार पेंढ्या पाठवते. माझ्या जुन्या लुगड्याच्या काठांनी बांधल्यात. लाल काठ पेंढा, हिरवा काठ मारवेल, पिवळा काठ पवना, आणि निळा काठ गेल्या सालचं मारवेल, शिळं. नानांना न सांगता त्यांच्यापुढं ठेव. त्यांच्या नाकाला कुणी फसवलेलं नाही. त्यांनी निवडलं तर ते घालतील, तू निवडलंस तर नाही घालणार. बाप आहे तो तुझा, एवढं तरी तुला संस्कृत शिकून कळलं असेल.

आता दुसरं. पोळ्याला मी आले होते तेव्हा नानांनी मला दोनदा विचारलं, बैल धुतले का. मी म्हटलं, कुठले बैल. तर उठून गॅलरीत गेले. तू पत्राच्या शेवटी लिहितोस तब्येत उत्तम. सशाच्या दाढांवर पानभर आणि बापावर दोन शब्द. दीपमाला म्हणते असं लिहू नये. मी म्हणते लिही.

माया आहेच, ती मागून घ्यावी लागत नाही.

तुझी
अक्का


नाशिक
दि. १६ नोव्हेंबर १९९८

ती. स्व. अक्कास,
रंगनाथचा शि. सा. न. वि. वि.

चार पेंढ्या पोचल्या. एस.टी.च्या कंडक्टरने त्या अशा आदराने माझ्या हाती दिल्या की आजूबाजूच्या प्रवाशांना मी कुणी वैद्य वाटलो असेन.

परीक्षा रविवारी घेतली. नुसत्या पेंढ्या पुढ्यात टाकणं मला बरं दिसेना. हर्षालीला वाटलं, जरा गंमत करू. म्हणून मी डोक्याला टॉवेल गुंडाळला, धोतराचा सोगा कमरेला खोवला आणि दारावर थाप मारून आत आलो. रामराम, म्हटलं, घोटीहून आलोय, मालक गवत बघणार का. शुभांगी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी. नानांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी मळ्यातल्या आवाजात म्हणाले, बसा.

अक्का, पुढचं तू पाहायला हवं होतंस. डोळे मिटून बसले. लाल काठाची पेंढी नाकाशी नेली न नेली तोच बाजूला, हे उशीत भरा म्हणाले. निळ्या काठाच्या पेंढीतली काडी मोडून पाहिली, आवाज ऐकला, म्हणाले, हिचं ऊन गेलंय, हिने एक पावसाळा घरात काढलाय. पिवळीवर थोडं रेंगाळले, कापायला आठ दिवस उशीर केलात पाहुणे. मग हिरवी. ती बराच वेळ नाकाशी धरली. काडी दाताखाली फोडली, चघळली. म्हणाले, मारवेल. उतारावरचं, पाणी न साचणारं. सावलीत वाळवलंय. हे ठेवा.

नंतर सौदा. घोटीच्या बैलबाजारात करायचे तसा. टॉवेल सोडायला लावला, दोघांच्या हातांवर पसरला आणि खालून माझी बोटं दाबायला लागले. या भाषेचं व्याकरण मला कुणी शिकवलं नव्हतं. मी काय कबूल केलं ते मला अजून ठाऊक नाही, पण नाना खूश झाले. टॉवेल काढून मी हसलो तरी त्यांनी नाटक सोडलं नाही. शुभांगीला हाक मारून म्हणाले, सूनबाई, पाहुण्यांना चहा टाका, लांबून आलेत. आम्हा दोघांत नट म्हणून तेच श्रेष्ठ ठरले.

ससा मारवेल खातोय. रात्रंदिवस करकर आवाज. डॉक्टरांनी दाढा पाहिल्या, समाधान व्यक्त केलं आणि मला या वेळी पास केलं. नाना काडी न् काडी निवडून घालतात, पेंडीचं नाव काढत नाहीत.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मनुष्य एक्याऐंशी वर्षांचा आहे, थोडं विसरणारच. मी बावन्नाव्या वर्षी चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतो. तू काळजी करू नकोस, आणि माझ्या पत्रांतले शब्द मोजण्याचं कामही सोड.

तुझ्या मायेच्या मारवेलावर जगणारा,
रंगनाथ


घोटी
ता. ९ डिसेंबर १९९८

चि. रंगनाथ यास अ. उ. आ.

लिहिणार दीपमाला, बोलणार मी.

हे परवा नाशिकला कामाला आले होते, तुमच्याकडं मारवेलाचं पोतं टाकून गेले. तू शाळेत होतास. घरी येऊन हे जेवले नाहीत नीट. विचारलं तर म्हणाले, सासऱ्यांनी मला ओळखलं नाही. उलट सासरेच मला म्हणाले, आमच्याकडं घोटीचा एक पाहुणा रोज येतो, त्याचं गवत तुमच्यापेक्षा चांगलं. ह्यांनी विचारलं, कोण पाहुणा. तर सशाला गवत घालायला उठले.

रंगनाथ, हा पाहुणा कोण ते मला कळलं. तुला कळलंय का नाही, ते मला माहीत नाही. मी तुझ्या मागं लागणार नाही. पण मी चाळीस वर्षं परक्या घरी काढलीत, माहेराकडचं एखादं वाक्य कुठं लपवलेलं आहे ते मला वासानं कळतं. नानांची लेक आहे मी.

नानांना इकडं पाठव महिनाभर. वखारीत गवताच्या गंज्या लागल्यात, बसतील त्यात. ससाही पाठव. हर्षालीला तो जानेवारीत परत देऊ. खरं सांगते, मला भीतीही वाटते बोलवायची. त्यांनी मलाच विचारलं, बाई तुम्ही कोणाच्या, तर मी काय करू. पण तरी पाठव.

हे वाक्य दीपमालानं रडत लिहिलंय, अक्षर बिघडलं असेल तर सांभाळून घे.

अक्का


नाशिक
२ जानेवारी १९९९

ती. आत्यास,
हर्षालीचा सा. न.

हे पत्र मी बाबांना न सांगता टाकते आहे. बाबा म्हणाले होते आत्याला लिहू नकोस, ती काळजी करेल. पण आई म्हणाली लिहायचं तर लिही, मी पाहिलं नाही.

३० तारखेला कापसाचं गवत संपलं होतं. बाबा म्हणाले दोन दिवसांत घोटीहून येईल. दुपारी आई झोपली असताना नानाआजोबा विळा आणि दोरी घेऊन खाली उतरले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. बाबा सायकलवर शोधत होते. शेवटी मखमलाबादला सापडले, आपल्या मळ्यावर. आता तिथे बिल्डिंगचे खांब उभे आहेत. आजोबा दोन खांबांच्या मधलं गवत कापत होते. वॉचमनने त्यांना हाकललं नव्हतं, पाणी दिलं होतं. तो म्हणाला, हे आजोबा सांगत होते इथे शेवंती होती, तिच्यात पाय ठेवू नका.

भारा त्यांनी स्वतः डोक्यावर घेतला. बाबा मागे सायकल हातात धरून. मी गॅलरीतून पाहिलं. बाबांनी घ्यायला हात पुढे केला तर आजोबा म्हणाले, तुमचा माल वेगळा, आमचा वेगळा.

शेजारच्या द्राक्षबागेतलं औषध त्या गवतावर पडतं असं वॉचमन म्हणाला होता, म्हणून मी ते कापसाला घातलं नाही. आजोबांना सांगितलं, चांद्याचं पोट भरलंय. त्यांना खोटं सांगितलं म्हणून मला वाईट वाटलं. विळा आईने कपाटात ठेवला आहे. आजोबा तो रोज शोधतात.

आत्या, आजोबा मला कधी कधी झुंबर म्हणतात. मी ओ देते. चालेल ना?

तुझी
हर्षाली


घोटी
ता. ८ जानेवारी

रंगनाथ,

कळलं. पोरीला रागवायचं नाही, तिनं बरोबर केलं. पोतं पाठवते आहे. आता तू लिही.

अक्का


नाशिक
दि. २४ जानेवारी १९९९

ती. स्व. अक्कास,
रंगनाथचा शि. सा. न.

तुझं पत्र मोजलं. गोड बोलण्याचा एक शब्द नाही. शाळेत असं उत्तर आलं तर मी पैकीच्या पैकी गुण देतो.

आज तक्रार करायला काही नाही. कॉलरमध्ये काड्या असतात, मी त्या काढत नाही.

नोव्हेंबरच्या त्या रविवारचं मी तुला अर्धंच लिहिलं होतं, कारण उरलेलं अर्धं मलाही तेव्हा विनोद वाटलं होतं. मी टॉवेल काढला, हसलो, आणि नाना, चहा घ्या, म्हणालो. नाना हसले नाहीत. पाहुण्यांना चहा टाका असं म्हणताना ते नाटक करत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघालो तर विचारलं, पाहुणे, घोटीची गाडी किती वाजता. मी सांगितली वेळ. गंमत चालू आहे असं मी आठवडाभर धरून चाललो. आधी हर्षालीच्या लक्षात आलं. तिने एका रात्री जेवताना मला विचारलं, बाबा, तुम्ही परत आजोबांचा मुलगा कधी होणार?

मी प्रयत्न केले. टॉवेल धुवून माळ्यावर ठेवला. धोतर सोडून आठ दिवस पँट घातली. आईचा फोटो पुढे ठेवला, ही कोण म्हटलं. आईला ओळखलं, तिचं नाव घेतलं, आणि मला म्हणाले, तुम्ही हिला कुठं पाहिलंत? शुभांगी त्यांना सूनबाई आहे. हर्षाली झुंबर आहे, म्हणजे तू घरात आहेस, दोन वेण्या घालून. ससा चांद्या आहे. या घरात सगळ्यांना जागा मिळाली, फक्त मी घोटीहून ये-जा करतो. डोक्याला टॉवेल मी माझ्या हाताने गुंडाळला, अक्का. डॉक्टर म्हणतात हे आज ना उद्या झालंच असतं, त्याचा टॉवेलशी संबंध नाही. डॉक्टर भला माणूस आहे.

तुझं पोतं परवा आलं. नाना गॅलरीत होते. मी माळ्यावरून टॉवेल काढला आणि दारावर थाप मारली. तेवढाच उपाय उरलाय. मी नुसता जवळ बसलो तर पाच मिनिटांत अवघडतात, परक्या माणसापाशी बसावं तसे. गवत घेऊन गेलो की बोलतात. मूठभर मारवेल नाकाशी नेलं, काडी मोडली, आणि चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता. म्हणाले, घोटीकडचं हे. आमची झुंबर तिकडं दिलीय. मग काडी हातात फिरवत आपणहून बोलले. ते जसं बोलले तसं लिहितो:

“एक मुलगा बी हाय मला. संस्कृत शिकवतो. लय बोलतो, पण मनानं चांगला हाय. बरेच दिवस झाले, आला नाय. तुम्ही फिरतीवर असता. दिसला कुठं तर सांगा, म्हणावं चांद्या नीट खातोय.”

मी म्हणालो, सांगतो.

घोटीला पाठवण्याचं तू लिहिलंस. आता एवढा प्रवास त्यांना झेपेल असं वाटत नाही, आणि तिथून ते पुन्हा मळा शोधायला निघाले तर रेल्वेचे रूळ जवळ आहेत. त्यापेक्षा तू ये. तुझी भीती मला कळते. पण तुला जिथं दिलं त्या गावाचा वास ते ओळखतात, तू खोटी ठरणार नाहीस.

येताना गवत आण, पण एक विनंती. नुसतं चांगलं मारवेल नको. दाजींना सांग, सोबत दोन-तीन पेंढ्या वाईट द्या, शिळ्या, उशिरा कापलेल्या, भाताच्या पेंढ्याच्या. सशाला त्यातलं काही घालणार नाही, हर्षाली पहारा देते. पण चांगलं गवत नाना पहिल्या काडीला पसंत करतात आणि सौदा लगेच संपतो. वाईट असलं की नावं ठेवतात, मला फैलावर घेतात, पुन्हा पुन्हा टॉवेल पसरतात. तेवढा वेळ टॉवेलाखाली माझा हात त्यांच्या हातात असतो.

नोव्हेंबरपासून तू मला एकच विचारते आहेस आणि मी तुला सशाच्या दाढा सांगतो आहे. ससा बरा आहे. नाना जातील याचीही मी मनाशी तयारी केली आहे, एक्याऐंशी वर्षं म्हणजे काही कमी नाही. मला भीती दुसरीच आहे. ते रोज संध्याकाळी जिन्याकडे तोंड करून बसतात. माझी वाट पाहतात. मी त्यांच्या समोर, पाटावर बसलेला असतो. ते असेच एक दिवस जातील, मुलगा शेवटपर्यंत आलाच नाही असं समजून. बाकी कशाची नाही, अक्का, मला याची भीती वाटते.

लवकर ये.

तुझा
रंगनाथ